‘रन’च्या अकरा चिठ्ठ्या

लंडन,
३ फेब्रुवारी १९०८

प्रिय ॲग्नेस,

आल्याचा केक पोचला. मधोमध तडा गेला होता, पण तो टपालवाल्यांचा पराक्रम असणार, तुझ्या हाताचा दोष नव्हे. कार्यालयात चौघांनी मिळून तो दहा मिनिटांत संपवला आणि मग वेस्टमोरलँडात माझे आणखी किती नातेवाईक आहेत म्हणून माझी उलटतपासणी झाली.

आयझॅकमामांना सांग, त्यांचा जानेवारीचा गठ्ठाही मिळाला. ‘रन’ या एवढ्याशा शब्दाने आम्हाला जेरीला आणलंय. इंग्रजीत तीन अक्षरं! शाळकरी पोराला विचारलं तर म्हणेल, रन म्हणजे पळणं, त्यात काय मोठंसं. आणि इथे माझ्या टेबलावर बघावं तर नदी वाहते ते रन, नाक गळतं ते रन, मेणबत्ती ओघळते ते रन, धुतल्यावर कापडाचा रंग उतरतो ते रन, चावी न दिलेलं घड्याळ थांबतं तेही रनच्याच खात्यात. नाटक वर्षभर चाललं तर रन, आणि कोंबड्यांना हिंडायला जाळी लावून ठेवलेलं अंगण तेही रन. देशभरच्या वाचकांनी पुस्तकं वाचून एकेक वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवलं, आणि मामांनी त्या हजारो चिठ्ठ्या घरी बसून अर्थाप्रमाणे लावल्या, सुतळीने बांधल्या. ते नसते तर आमचा शब्दकोश ‘रन’पाशीच बसून राहिला असता.

आता एक छोटं काम. एका चिठ्ठीवर मामांच्याच अक्षरात वाक्य आहे: ‘दोर माझ्या हातातून सरसर सुटत गेला.’ खाली लिहिलंय, टी. गार्थ, ‘खोऱ्यातले दिवस’, १८६१. वाक्य इतकं नेमकं आहे की आम्ही ते प्रुफात घेतलंय. पण छापण्याआधी प्रत्येक वाक्य मूळ पुस्तक उघडून ताडून बघायचं हा आमचा नियम तुला ठाऊकच आहे. हे पुस्तक मला इथे मिळत नाही. मामांच्या फळीवर असेल, दोन दिवसांसाठी पाठवशील? पान दुमडणार नाही, शपथ.

तुझा,
एडमंड

*

स्कारबेक,
९ फेब्रुवारी

प्रिय एडमंड,

केक चौघांत वाटलास हे वाचून वाईट वाटलं. तो तुझ्या एकट्यासाठी होता. तू लहानपणी खायचास ते बघता तुला पुरला असता की नाही शंकाच आहे.

बाबा बरे आहेत. थोडी सर्दी झालीय, बाकी ठीक. दुपारी खिडकीशी बसून काम करतात. गार्थचं पुस्तक आत्ता घरात नाही. बाबांनी ते पाद्रीसाहेबांना वाचायला दिलं होतं, आणि पाद्रीसाहेब आपल्या बहिणीकडे गेलेत, ते ईस्टरपर्यंत काही येत नाहीत. तेव्हा ते वाक्य सोडून दे. तुमच्याकडे इतक्या हजारो चिठ्ठ्या आहेत, त्यातली दुसरी एखादी घे ना. दोर काय एकाच माणसाच्या हातातून सुटलाय?

इथे बर्फ वितळायला लागलंय. नदीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. मला हे दिवस कधीच आवडत नाहीत.

तुझी,
ॲग्नेस

*

लंडन,
१७ फेब्रुवारी

प्रिय ॲग्नेस,

रागावू नकोस, पण आता स्पष्टच लिहितो.

मी तीन ग्रंथालयांतल्या याद्या पालथ्या घातल्या. टी. गार्थ नावाच्या माणसाने १८६१ साली काय, कधीच काही लिहिलेलं दिसत नाही. मग मी मामांचे शरद ऋतूपासून आलेले सगळे गठ्ठे सोडले. गार्थच्या एकूण अकरा चिठ्ठ्या निघाल्या. अकराही मामांच्या अक्षरात, आणि अकरा वेगवेगळ्या अर्थांच्या गठ्ठ्यांत व्यवस्थित लावलेल्या. अक्षर मात्र हललेलं आहे.

कोशात खोटं वाक्य जाणं याहून मोठा गुन्हा आमच्याकडे नाही. संपादक डॉ. पेनफोल्ड यांनी प्रुफावर दोराच्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह काढलंय आणि रोज सकाळी मला विचारतात, "टायसन, तुमचा गार्थ सापडला का?" वीस मार्चला या पानांचा फर्मा छापायला जाईल. तोवर मी काही सांगितलं नाही तर ते मामांचं पंचवीस वर्षांचं सगळं काम संशयाखाली घेतील. एक माणूस वाक्यं रचतो असं ठरलं की त्याची एकही चिठ्ठी कुणी वापरत नाही, आणि प्रस्तावनेतलं त्याचं नावही जातं. मामांच्या बाबतीत ते मला बघवणार नाही.

पाद्रीसाहेबांचं मला सांगू नकोस. त्यांना बहीण नाही.

एडमंड

*

स्कारबेक,
२२ फेब्रुवारी

प्रिय एडमंड,

नाही, त्यांना बहीण नाही. मला खोटं नीट बोलता येत नाही, ते तुला लहानपणापासून माहीत आहे.

सप्टेंबरपासून बाबांचं डोकं ठिकाणावर नाही. सुरुवातीला चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा, आम्ही हसायचो. मग एक दिवस त्यांनी मला "बाई, मास्तरीणबाई कुठे गेल्या?" म्हणून विचारलं. मास्तरीणबाई म्हणजे आई, आणि तिला जाऊन नऊ वर्षं झाली. आता आठवड्यातले चार दिवस मी त्यांची ‘बाई’ असते, कामाला ठेवलेली. उरलेले दिवस ॲग्नेस.

चिठ्ठ्या मी लावते. सप्टेंबरपासूनचे सगळे गठ्ठे माझे आहेत. त्यांच्याच पद्धतीने, त्यांच्याच सुतळीने. ते बाजूला बसून कोऱ्या चिठ्ठ्यांवर लिहीत असतात. मला वाटायचं, कुठल्या तरी जुन्या पुस्तकातलं आठवून लिहीत असतील, आणि ते सांगतील त्या गठ्ठ्यात मी त्या वरवर बघून घालायचे. अर्थ कधी चुकला नाही त्यांचा. माझं नाव विसरले, पण ‘रन’चा एकही अर्थ विसरले नाहीत! हे लिहिताना मला रडू येतंय आणि रागही येतोय.

त्यांचं काम काढून घेऊ नकोस, एडमंड. सकाळी टपाल आलं की त्यांना दाढी करायची आठवण होते. ते बंद झालं तर त्यांच्याजवळ काय उरेल? आणि माझ्याजवळ तरी?

तू विचारशील, मी हे सगळं का ओढत बसले. मॅथ्यू गार्नेटने दोनदा मागणी घातली होती, आई म्हणत होती जा, तरी मी का गेले नाही. मी कधी कुणाला सांगितलं नाही. विल्फदादा नदीत गेला त्या सकाळी वरच्या कुरणाचं फाटक लावायचं काम माझं होतं. मी अकरा वर्षांची होते, तो तेराचा. दूध घेऊन उतरताना मी कडी घातली की नाही, मला आजही आठवत नाही. बाबा नदीवरून एकटे परत आले आणि म्हणाले, "फाटक उघडं होतं. मेंढी नदीत शिरली. पोरगा तिच्यामागे गेला. मेंढी आपली आपण बाहेर आली." एवढंच. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा एकुलता एक मुलगा माझ्यामुळे गेला, मग मी त्यांना सोडून कशी जाणार होते? अजूनही रोज संध्याकाळी मी दोनदा वर जाऊन ते फाटक बघून येते. चौदा वर्षं झाली, आमच्याकडे मेंढ्याच नाहीत.

त्या अकरा चिठ्ठ्या काढ आणि मला परत पाठव. बाबांचं नाव वाचव. तुझ्यावाचून दुसरं कुणी करू शकणार नाही.

ॲग्नेस

*

लंडन,
२ मार्च

प्रिय ॲग्नेस,

काम झालं. मी डॉ. पेनफोल्ड यांच्यापुढे उभा राहिलो आणि खरं तेवढं सांगितलं, मामा आजारी आहेत, सप्टेंबरपासूनचे गठ्ठे तू लावलेस, आणि मामांनी लिहिलेल्या अकरा चिठ्ठ्या मी वेगळ्या काढल्यात. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "म्हणजे ‘रन’चे हे शेवटचे गठ्ठे एका बाईने लावलेत? मला फरक कळला नाही." प्रस्तावनेत मामांचं नाव राहील. आणि तुझी हरकत नसेल तर तुझंही येईल. गठ्ठे आम्ही पाठवत राहू, मामा दाढी करत राहू देत.

दोराचं वाक्य मी प्रुफातून काढलं. तिथे दुसरं घातलं, जहाजावरचं. ते तितकं चांगलं नाही.

सोबत चिठ्ठ्या आहेत. आजारी माणसाच्या मनात काय काय येतं, त्याचा फार अर्थ लावत बसू नये असं मला वाटतं. वाचल्याच पाहिजेत असंही नाही. चुलीत घातल्यास तरी चालेल.

फाटकाबद्दल वाचलं. तू अकरा वर्षांची होतीस, ॲग्नेस.

तुझा,
एडमंड

*

स्कारबेक,
७ मार्च

एडमंड,

पेनफोल्डसाहेबांचे आभार मान. तुझे मी नंतर मानीन, आधी एक विचारायचंय.

चिठ्ठ्या मी टेबलावर पसरल्या. गठ्ठ्यांत वेगवेगळ्या होत्या तेव्हा प्रत्येकीचा अर्थ वेगळा होता. एकीत पाणी पळतंय, एकीत रंग उतरतोय, एकीत घड्याळ थांबलंय. एका ओळीत मांडल्या तेव्हा त्या सगळ्या एकाच सकाळच्या निघाल्या.

‘घड्याळाची चावी संपली होती, म्हणून आम्हाला निघायला उशीर झाला.’ ‘बर्फ वितळून नदी दोन्ही काठांवरून पळत होती.’ ‘पुलाच्या फळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या होत्या.’ ‘त्याच्या नव्या मफलरचा लाल रंग पाण्यात उतरत गेला.’ तो मफलर मी विणला होता, एडमंड. माझं पहिलं विणकाम. आईने रंग पक्का करायला मीठ घाल म्हटलं होतं आणि मी विसरले होते. हे कुठल्या गार्थला माहीत असणार?

आणि तो दोर. दोर कुठून आला? बाबा तर म्हणाले होते की पोरगा मेंढीमागे आपणहून गेला, ते लांब होते. मग कुणाच्या हातातून दोर सुटला? त्या वेळी बाबांच्या दोन्ही तळव्यांना महिनाभर पट्ट्या होत्या. काठावरच्या काटेरी झुडपांनी सोललं, असं ते म्हणाले होते. मीच रोज त्या पट्ट्या बदलायचे.

बाबांची मास्तरकी तुला ठाऊक नाही. ते लिहिलेल्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने बारीक आकडा घालतात. पोरांच्या वह्यांवर घालायचे तसा. तू पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर एक ते सहा आकडे आहेत आणि आठ ते अकरा. सातवी नाही.

तू मला सांभाळायला निघालायस. नको सांभाळूस. चोवीस वर्षं सगळ्यांनी मला सांभाळलंच आहे. सातवी पाठव.

ॲग्नेस

*

लंडन,
११ मार्च

प्रिय ॲग्नेस,

पाठीमागचे आकडे मी बघितलेच नाहीत. आयुष्यभर चिठ्ठ्या उलटसुलट करून पोट भरणारा माणूस मी, आणि नेमक्या याच उलटून बघितल्या नाहीत.

सातवी सोबत आहे. मामांनी ती ‘धावत जाऊन काही आणून देणं’ या अर्थाखाली लावायला सांगितली असणार, कारण तिथेच ती मिळाली. पंधरा दिवस ती माझ्या खिशात होती. तुझं फाटकाचं पत्र आलं, त्याच दिवशी मला कळलं होतं तिचा अर्थ काय तो. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी हे कळून तुला काय मिळणार? एक बाप होता, तोही जाईल. आता वाटतंय, हे ठरवणारा मी कोण?

मामांशी सावकाश घे. नाही, तेही मी सांगू नये. तुला हवं तसं घे.

एडमंड

*

स्कारबेक,
१५ मार्च

प्रिय एडमंड,

चिठ्ठी तेराला मिळाली. मी ती इतक्या वेळा वाचली की आता न बघता म्हणता येते. ‘कोशाचं पुडकं पुलावरून पडून खडकाला अडकलं होतं. मी त्याच्या कमरेला दोर बांधला आणि म्हटलं, पळ, घेऊन ये.’

मेंढी नव्हतीच. पुडकं होतं. बाबांनी हिवाळाभर पुस्तकं वाचून उतरवलेल्या चिठ्ठ्यांचं पुडकं. पलीकडच्या काठावर टपालाची गाडी उभी असायची, घड्याळ बंद पडलं म्हणून दोघे घाईत होते. कागदांसाठी त्यांनी पोराला पाण्यात घातलं, आणि दोर त्यांच्या हातात राहिला नाही. आणि घरी येताना त्यांना रस्त्यात माझं फाटक सापडलं.

तेराचा सगळा दिवस मी परसातच काढला. लापशी केली, समोर ठेवली, बाहेर गेले. मनात येत होतं की सगळे गठ्ठे उचलून नदीत टाकावेत. एडमंड, मला मॅथ्यूचा चेहरासुद्धा आता नीट आठवत नाही.

काल चौदा तारीख होती. दुपारी ते खिडकीशी बसले होते, दाढी केलेली, आणि मी त्यांची ‘बाई’ होते. मी सातवी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. ओरडणार होते. ओरडले नाही. तुम्ही लोक विचारता तसंच विचारलं. म्हटलं, "मास्तर, या चिठ्ठीवरचं पुस्तक कुठेच मिळत नाही."

त्यांनी ती बराच वेळ वाचली. "मिळायचं नाही," ते म्हणाले.

"मग वाक्य खोटं आहे. काढून टाकू?"

"वाक्य खरं आहे!" एकदम चिडून म्हणाले, वर्गात कुणी चुकलं की चिडायचे तसे. "नाव खोटं आहे."

मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी टी. गार्थवर काट मारली, पुस्तकावर मारली, १८६१ वर मारली. मग सावकाश लिहिलं, आयझॅक रॉथरी. खाली, १४ मार्च १८८४. पानाच्या आकड्याची जागा रिकामी होती, तिथे पेन्सिल टेकवून थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पान नको, मास्तर. एवढं पुरे."

त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. मग त्यांना काहीतरी आठवलं. माझी बाही धरून हळूच म्हणाले, "बाई, फाटक लावलेलं होतं. कडी घातलेली होती, मी येताना बघितली. पोरीने लावलं होतं. तिला कुणीतरी सांगायला हवं."

मी म्हटलं, "मी सांगते."

मग मी परसात जाऊन रडले. इतक्या मोठ्याने की शेजारची मिसेस बेल धावत आली. तिला वाटलं, बाबा गेले.

मी त्यांना माफ केलेलं नाही. पुढे करीन की नाही माहीत नाही. संध्याकाळी त्यांना सूप दिलं, पाव त्यात बुडवून दिला, कारण त्यांना चावत नाही. एवढंच मला करता येतं. मफलरची चिठ्ठी मी ठेवून घेतलीय. बाकीच्या तुला परत पाठवतेय. सातवी आता तुमच्या नियमाने पक्की आहे. लेखक आहे, तारीख आहे, अक्षर लेखकाचंच आहे. छापू नका, पण तिच्या गठ्ठ्यात तिच्या जागी ठेव. कुणी कधी ताडून बघायला आलं तर सांग, मी ताडून बघितलीय.

प्रस्तावनेत माझं नाव घालायला हरकत नाही. पूर्ण घाल.

काल संध्याकाळी अंधार पडला तेव्हा सवयीने शाल घेतली आणि दारापर्यंत गेले. मग शाल खुंटीला परत लावली आणि चहा ठेवला. फाटक बघायला गेले नाही.

तुझी,
ॲग्नेस